हरभऱ्यावर विषाणूची फवारणी, आणि साठ पावलांवर रेशीम किडे: धोका कितपत?

तुतीकाठ (मोहोळ)

नमस्कार मंडळी.

माझी शेती मोहोळ तालुक्यात, सीना नदीपासून थोड्या अंतरावर आहे. दीड एकर तुती, दोन एकर हरभरा आणि बांधापलीकडे तूर, अशी यंदाची मांडणी आहे. रेशीम किड्यांचे संगोपनगृह तुतीच्या कडेला असून हरभऱ्याच्या शेवटच्या ओळीपासून ते जेमतेम साठ पावलांवर येते. हरभरा सध्या फुलात आहे आणि जानेवारीतली सोलापूरची गड्ड्याची यात्रा येईपर्यंत घाटे धरू लागतील. गेले तीन दिवस कामगंध सापळ्यांत (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या) रोज आठ-दहा पतंग सापडत आहेत, आणि काल सकाळी शेंडे उलटून पाहिले तेव्हा एक मीटर ओळीत एक-दोन बारीक अळ्या दिसल्या, म्हणजे फवारणी आता टाळता येणार नाही.

रासायनिक औषधाचा वाऱ्याने उडालेला अंश तुतीच्या पाल्यावर बसला तर पुढची बॅच हातची जाते, हे मी एकदा भोगले आहे. म्हणून घाटे अळीचा विषाणू, ज्याला सगळे एचएएनपीव्ही म्हणतात, तो फवारावा असे मनात आले. पण त्यावरून घरात दोन तट पडले आहेत. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे ग्रासरी आली होती. कोष करायला चार दिवस उरलेले किडे फुगून पिवळट झाले, रॅकच्या कडेकडेने सैरभैर फिरू लागले आणि हात लावताच कातडी फाटून दुधासारखे पाणी गळू लागले. दोनशे अंडीपुंजांपैकी निम्म्याहून अधिक माल आम्ही चुना टाकून खड्ड्यात पुरला. हा रोगही विषाणूचाच, आणि त्याचेही नाव एनपीव्हीच (न्यूक्लिअर पॉलिहेड्रोसिस व्हायरस), हे तेव्हा कळले. त्यामुळे थोरले बंधू म्हणतात, "जो रोग घालवायला पोत्याने ब्लीचिंग पावडर आणली, तोच आता बाटलीत भरून विकत आणायचा का?" त्यांना पटेल असे उत्तर माझ्याजवळ नाही.

हरभऱ्यावरचा विषाणू रेशीम किड्याला लागू शकतो काय, आणि लागत नसेल तर का लागत नाही, हे जाणकारांनी कारणासह सांगितले तर बरे होईल.

---

भिंगाखाली (सोलापूर शहर)

आपल्या बंधूंची शंका हसण्यावारी नेण्यासारखी मुळीच नाही. दोन्ही रोगांचे कूळ एकच आहे, हे त्यांनी बरोबर ओळखले आहे. तरीही उत्तर असे की, बाटलीत खरोखर एचएएनपीव्ही असेल आणि त्यात दुसरे काही मिसळलेले नसेल, तर त्यापासून रेशीम किड्याला ग्रासरी होत नाही. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो, त्यामुळे पुढचे थोडे लांबणार आहे, ते गोड मानून घ्यावे.

हे दोन्ही विषाणू बॅक्युलोव्हायरस या कुळातले आहेत. लॅटिनमध्ये बॅक्युलम म्हणजे काठी, आणि विषाणूचा कण काठीसारखा लांबट असतो म्हणून हे नाव पडले. हे कण उघडे फिरत नाहीत. चिक्कीच्या वडीत दाणे बसावेत तसे ते प्रथिनाच्या एका स्फटिकासारख्या गोळीत अडकलेले असतात, आणि या गोळीमुळेच विषाणू मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतो. सूक्ष्मदर्शकातून या गोळ्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच रोगट रेशीम किड्यांत दिसल्या होत्या. त्यांच्या आत काठीसारखे विषाणू आहेत हे मात्र १९४७ मध्ये बेर्गोल्ड या संशोधकाने दाखवले. अळीने पानासोबत ही गोळी गिळली की खरी गोष्ट सुरू होते. आपल्या जठरात आम्ल असते, तर अळीच्या मधल्या आतड्यात त्याच्या उलट कडक अल्कली, सामू साधारण दहाच्या आसपास. त्या अल्कलीत गोळी विरघळते, कण मोकळे होतात, आतड्याच्या पेशींत शिरतात, आणि तेथून चरबी, श्वासनलिका असे करत सारे शरीर व्यापतात. माणसाच्या किंवा गुराच्या पेशींत हा विषाणू वाढत नाही, त्यामुळे फवारणी करणाऱ्याला त्याच्यापासून रोगाचे भय नाही.

आता मुख्य मुद्दा. रेशीम किड्याच्या आतड्यातही अशीच अल्कली असते, त्यामुळे हरभऱ्यावरून उडालेली गोळी तुतीच्या पानावरून त्याच्या पोटात गेली तर ती तेथेही विरघळेल. पण विरघळणे निराळे आणि रोग होणे निराळे. पेशीत शिरल्यावर स्वतःच्या प्रती काढण्यासाठी विषाणूला त्या पेशीच्या यंत्रणेशी जुळवून घ्यावे लागते, आणि येथेच बहुतेक एनपीव्ही अडतात. एचएएनपीव्ही हा घाटे अळी आणि तिच्या अगदी जवळच्या भाऊबंदांपुरता मर्यादित आहे. ही जुळणी किती बारीक असते याचे एक उदाहरण देतो. अमेरिकेत एका पतंगाच्या अळीत सापडलेला एसीएमएनपीव्ही नावाचा विषाणू तीसहून अधिक जातींना लागतो, तरीही रेशीम किड्यात तो नीट वाढत नसे. १९९३ मध्ये संशोधकांनी त्याच्या हेलिकेज या जनुकात ग्रासरीच्या विषाणूचा एक छोटासा तुकडा बसवला आणि रेशीम किड्याच्या पेशींत तो वाढू लागला. हे वाचून बंधूंची काळजी वाढू नये म्हणून लगेच सांगतो की, ते दोन विषाणू एकमेकांचे सख्खे शेजारी होते आणि बदल प्रयोगशाळेत मुद्दाम केलेला होता. घाटे अळीचा विषाणू या दोघांपासून दूरच्या शाखेवर बसतो.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. दुकानात "जैविक औषध द्या" असे म्हटले की विषाणूऐवजी बीटी किंवा बिव्हेरिया हातात येण्याची शक्यता बरीच असते, आणि ही दोन्ही रेशीम किड्याची जुनी वैरी आहेत. बीटी हा जिवाणू मुळात सापडला तोच रेशीम किड्यांत. जपानमध्ये १९०१ साली इशिवाता यांनी किडे अचानक लुळे पडून मरण्याच्या रोगात तो ओळखला. बिव्हेरिया ही बुरशी तर आणखी जुनी ओळखीची आहे. किड्यांवर पांढरा चुन्यासारखा थर चढवणारा मस्कार्डीन हा रोग तिच्यामुळे होतो, हे इटलीतल्या अगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ मध्ये सिद्ध केले. एखादा सूक्ष्मजीव प्राण्यात रोग घडवतो याचा तो अगदी पहिल्या पुराव्यांपैकी एक मानला जातो. तेव्हा "जैविक म्हणजे निर्धोक" हे वाक्य तुतीच्या बांधावर चालत नाही. बीटी आणि बिव्हेरिया तुतीच्या शेजारी वापरू नका, एचएएनपीव्ही वापरा, असे माझे स्पष्ट मत आहे.

---

कोरडवाहू (बार्शी)

सरांनी शास्त्र सांगितले आहे, मी फवारणीचे बोलतो; तूर आणि हरभऱ्यावर हा विषाणू मी सहा हंगाम वापरला आहे.

शिफारस हेक्टरी २५० एलईची आहे, म्हणजे एकरी १००. एलई म्हणजे एका पूर्ण वाढलेल्या रोगट अळीतून मिळणारा अर्क, आणि तो ६०० कोटी गोळ्यांचा धरतात. बाटल्यांची तीव्रता सारखी नसते, म्हणून शेजाऱ्याने पंपाला किती मिली घातले हे विचारू नका. आपल्या बाटलीवरचा आकडा वाचून हिशोब करा. पाणी एकरी दोनशे लिटर पुरते. त्यात लिटरला १ ग्रॅम कपड्यांची नीळ आणि ५ ग्रॅम गूळ घालावा, शिवाय थोडे चिकटद्रव्य. नीळ पाहून माझा गडी पहिल्या वर्षी पोटभर हसला होता, पण तिचे काम मोठे आहे: सूर्याच्या अतिनील किरणांनी विषाणू निकामी होतो, उघड्या पानावर एक-दोन दिवसांच्या उन्हात त्याची ताकद बरीच उतरते, आणि नीळ त्याच्यावर छत्री धरते. गुळामुळे अळी पान जास्त खाते. सोलापुरी ऊन जानेवारीतही काही मवाळ नसते, त्यामुळे फवारा दिवस कलल्यावरच मारायचा. रात्रभर अळी खाते, आणि ऊन चढेपर्यंत गोळ्या तिच्या पोटात गेलेल्या असतात.

अळी बारीक असतानाच मारायची, म्हणजे एक सेंटिमीटरच्या आत. बोटाएवढी झाली की ती विषाणू पचवून घाटा पोखरत राहते, आणि मग लोक म्हणतात की औषध खोटे होते.

खोट्या औषधाचाही अनुभव आहे, आणि तो आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेला असल्यामुळे सांगतो. तीन वर्षांपूर्वी एका दुकानातून विषाणूची म्हणून बाटली आणली. संध्याकाळी फवारली, आणि दिवा घेऊन दोन तासांनी गेलो तर अळ्या तडफडून जमिनीवर पडलेल्या. माझ्याबरोबरचे सगळे खूश झाले; माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली, कारण विषाणूने अळी दोन तासांत कधीच मरत नाही. पहिले दोन-तीन दिवस ती खात असते, मग सुस्तावते, आणि मरायला चार ते सात दिवस लागतात. त्या बाटलीत रासायनिक कीटकनाशक मिसळलेले होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. माझ्याकडे रेशीम नव्हते म्हणून निभावले. आपण मात्र नवी बाटली आधी संगोपनगृहापासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात, चार-पाच ओळींवर मारून पाहावी, आणि अळ्या दुसऱ्या दिवशीही जिवंत आहेत याची खात्री झाल्यावरच पुढे जावे. औषधाने कीड लगेच मरू नये म्हणून देव पाण्यात ठेवायची ही एकच वेळ.

अळी खरोखर विषाणूने मेली आहे हे डोळ्यांनी ओळखता येते. ती झाडाच्या शेंड्याकडे चढते, मागच्या पायांनी फांदी धरून खाली डोके करून लोंबकळते, आधी फिकट आणि मग काळपट होते. काडीने टोचले तर आतून पातळ पाणी गळते, हातात धरण्यासारखे काही उरत नाही.

एक विचारतो, सर. आमच्याकडे जुने लोक म्हणतात की हरभऱ्याच्या आंबेने, म्हणजे त्याच्या पानांवर सुटणाऱ्या आंबट द्रवाने, विषाणू मरतो. माझी आजी पहाटे हरभऱ्यावर धुतलेले धोतर अंथरून आंब धरायची, पिळून बाटलीत भरायची आणि पोट दुखले की चमचाभर द्यायची. ती चाखलेल्या माणसाला तिने काहीही मरेल असे वाटणे साहजिक आहे. यात तथ्य किती?

---

भिंगाखाली (सोलापूर शहर)

आंबेतील मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लांमुळे गोळी विरघळत नाही, कारण तिला विरघळायला अल्कली लागते. मात्र जुन्या माणसांचे निरीक्षण पूर्ण चुकीचेही नाही. हरभऱ्याच्या पानांवर आयसोफ्लेव्होनॉइड जातीची काही द्रव्ये असतात, आणि त्यांच्यामुळे टोमॅटोच्या तुलनेत या पिकावर विषाणूचा प्रभाव कमी पडतो. दोष आंबेवर आला, करणी तिच्या शेजाऱ्याची होती.

अळी वर का चढते, याचा खुलासा अलीकडेच झाला आहे आणि तो मला फार विलक्षण वाटतो. अमेरिकेतल्या एका जंगली पतंगावरच्या अभ्यासात २०११ मध्ये असे दिसले की विषाणूमधील ईजीटी नावाचे जनुक काढून टाकले तर अळी शेंड्यावर जाऊन मरत नाही. हे जनुक अळीच्या कात टाकण्याच्या संप्रेरकाला निष्क्रिय करते. पुढे २०२२ मध्ये चिनी संशोधकांनी खुद्द आपल्या घाटे अळीवर काम करून दाखवले की विषाणू तिच्या प्रकाश ओळखण्याच्या यंत्रणेत फेरफार करतो आणि ती उजेडाकडे खेचली जाते. दृष्टी नाहीशी केलेल्या अळ्या तशा चढल्या नाहीत. शेंड्यावर मेलेली अळी फुटली की तिच्यातील गोळ्या खालच्या पानांवर झिरपतात. आपण लावलेल्या पक्षी थांब्यांवरचे कोतवाल आणि साळुंक्याही या कामात हातभार लावतात, कारण रोगट अळी खाल्ली तरी गोळ्या पक्ष्याच्या पोटात विरघळत नाहीत आणि विष्ठेतून जिवंत विषाणू दुसऱ्या शेतात पोहोचतो.

---

माळरान (नान्नज)

शेतीतले मला फारसे कळत नाही. मी सुट्टीच्या दिवशी माळढोक अभयारण्याच्या आसपास फुलपाखरांच्या नोंदी करत हिंडतो. तुरीच्या फुलांवर आणि शेंगांवर लहान निळ्या फुलपाखरांच्या अळ्या असतात. पतंगाला लागणारा विषाणू फुलपाखरालाही लागेल, अशी भीती वाटते. शिवाय हरभऱ्याच्या पानांवर मेलेल्या अळीशेजारी गव्हाच्या दाण्याएवढा, करड्या रंगाचा, काळे ठिपके असलेला कोष मी अनेकदा पाहिला आहे. तोही विषाणूचाच परिणाम असतो का?

---

भिंगाखाली (सोलापूर शहर)

फुलपाखरांनाही बॅक्युलोव्हायरस होतात. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराचा ग्रॅन्युलोव्हायरस तर चांगलाच अभ्यासलेला आहे. त्याच्या प्रत्येक गोळीत विषाणूचा एकच कण असतो, म्हणजे एका दाण्याची चिक्की. पण तुरीवरची निळी फुलपाखरे निराळ्या कुळातली आहेत आणि एचएएनपीव्हीचा त्यांना उपद्रव नाही. बीटी फवारले असते तर त्यांची खैर नव्हती.

कोषाचे निरीक्षण उत्तम आहे. तो कोष कॅम्पोलेटिस क्लोरिडी या परोपजीवी गांधीलमाशीचा असतो. ती बारीक घाटे अळीच्या अंगात अंडे घालते, आणि तिचे पिल्लू अळीला आतून खाऊन बाहेर पडते व शेजारी कोष विणते. गंमत अशी की यातही विषाणू आहे. अंड्याबरोबर ती माशी आपल्या शरीरात तयार झालेले विषाणूसारखे कण अळीत सोडते आणि ते अळीची प्रतिकारशक्ती दाबतात, नाहीतर अळीच्या रक्तपेशींनी अंड्याला घेरून मारले असते. त्या कणांची जनुके माशीच्या स्वतःच्या जनुकसंचातच कायमची वसलेली आहेत. म्हणून असे कोष दिसले तर ते मोजावेत. संख्या चांगली असेल तर फवारणी दोन दिवस लांबवायलाही हरकत नाही.

विषय निघाला आहे म्हणून आणखी एक गोष्ट, थोरल्या बंधूंना सांगण्यासाठी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली कोव्होव्हॅक्स ही करोनाची लस बॅक्युलोव्हायरसच्या मदतीनेच तयार होते. त्यासाठी ज्या पेशी वापरतात त्या मूळच्या एका अळीच्या कोषावस्थेतील अंडाशयातून घेतलेल्या, आणि ती अळी म्हणजे २०१८ पासून आपल्या मक्यात धुमाकूळ घालणारी अमेरिकन लष्करी अळीच.

---

तुतीकाठ (मोहोळ)

सर्वांचे मनापासून आभार. आठ दिवसांनी कळवतो आहे, कारण आधी करून पाहावे असे ठरले होते.

बाटली एका कृषी विद्यापीठाच्या विक्री केंद्रातून आणली. बार्शीकरांनी सांगितल्याप्रमाणे दूरच्या पाच ओळींवर पहिल्या संध्याकाळी फवारा मारला. दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत होत्या आणि खात होत्या, ते पाहून मला आनंद झाला आणि बंधूंना संताप आला. दोन दिवसांनी उरलेल्या रानावर, वारा संगोपनगृहाकडून शेताकडे वाहत असताना, फवारणी पूर्ण केली. पाचव्या दिवशी सकाळी बंधू स्वतः शेतातून हाका मारू लागले. एका झाडाच्या शेंड्याला अळी उलटी लोंबकळत होती, आणि तिच्या तोंडाशी पाण्याचा एक करडा थेंब जमला होता. नंतर मोजल्या तेव्हा दहा झाडांत तशा सतरा निघाल्या. ज्या मोठ्या झाल्या होत्या त्या मात्र घाट्यात तोंड खुपसून तशाच आहेत.

संगोपनगृहात सध्या चौथ्या अवस्थेतील किडे आहेत आणि त्यांच्यात काही वावगे दिसलेले नाही. आता बंधूंचा नवा प्रश्न आहे: लोंबकळणाऱ्या अळ्या गोळा करून, वाटून, तुरीवर घरचाच अर्क फवारला तर चालेल का?

---

भिंगाखाली (सोलापूर शहर)

शेतकरी असे करतात, आणि अर्क कामही करतो. पण मेलेल्या अळीत विषाणूबरोबर कुजवणारे जिवाणूही भरपूर असतात, आणि त्यांतला एखादा तुतीपर्यंत पोहोचू नये असे वाटत असेल तर आपल्यासारख्या रेशीम शेतकऱ्याने या वाटेला जाऊ नये. करायचेच असेल तर वाटण्याचे भांडे, गाळायचे फडके आणि पंप यांपैकी काहीही संगोपनगृहाच्या आवारात आणू नका, आणि वाटणाऱ्याने अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय किड्यांना पाला घालू नये. किडे पुढे कात टाकताना अडले किंवा त्यांची कातडी तुकतुकीत दिसली तर घाटे अळीच्या विषाणूला बोल लावण्याआधी संगोपनगृहाचे निर्जंतुकीकरण नीट झाले होते का ते पाहा. २ टक्के ब्लीचिंग पावडर ०.३ टक्के विरलेल्या चुन्यात, आणि तीही ताजी, कारण उघड्या पोत्यातील पावडरीचा क्लोरीन केव्हाच उडून गेलेला असतो.

संशय आलाच तर किड्याच्या पायातून निघणाऱ्या पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन माझ्याकडे या. चारशे पटींच्या भिंगाखाली ग्रासरीच्या गोळ्या चकाकत्या खड्यांसारख्या दिसतात. चरबीचे थेंबही तसेच दिसतात म्हणून कडेने पातळ कॉस्टिक सोड्याचा थेंब सोडायचा. जे डोळ्यांदेखत नाहीसे होईल ते विषाणूचे, जे राहील ते चरबीचे. बंधूंनाही बरोबर आणा.